सोसायटीच्या वाचनालयात आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी काय ठेवावं? (मुंबई)

मुलुंडकर_सीमा

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऑफिसशेजारची १० बाय ८ ची खोली वाचनालयाला द्यायचा ठराव झालाय. पुस्तकांसाठी १५,००० रुपये मंजूर आहेत. घरं १४०. लहान मुलांची पुस्तकं देणगीत येतील, मोठे आपापलं बघतात. अडचण आठवी ते अकरावीची आहे. त्यातली निम्म्याहून जास्त इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी बोलतात, पण मराठी पान समोर आलं की टाळतात.

या पैशांत काय घ्यावं, नोंदी कशा ठेवाव्यात, आणि आपल्याकडे नसलेलं मिळवायला मुलांना मुंबईत कुठे पाठवावं? "वाचलंच पाहिजे" छापाची यादी नको. मुलं हातात घेतील अशी हवी.

देवघेव

सीमाताई, सगळे पैसे उद्घाटनाआधी संपवू नका. तिसऱ्या महिन्यानंतर कपाटात नवीन काही दिसलं नाही की मुलं फिरकत नाहीत, आणि बहुतेक सोसायट्यांची वाचनालयं तिथेच थांबतात.

हिशोब असा करा. १,५०० रुपये नोंदवही, शिक्के, तारीख-पट्ट्या (परतीची तारीख लिहायच्या चिठ्ठ्या), चिकटपट्टी यांना. ८,५०० ची पहिली खरेदी. उरलेले ५,००० पुढच्या पाच महिन्यांत, दरमहा हजार. छापील किंमत सरासरी २५० आणि सूट १५ टक्के धरली तर पुस्तक साधारण २१२ रुपयांना पडतं, म्हणजे पहिल्या खेपेत ४० पुस्तकं. ती पुरतात. १४० घरांत या वयाची मुलं असतील पन्नासेक, नेमाने येणारी त्यातली पंधरा-वीस.

महिन्याच्या हजारातली पुस्तकं मुलांनी मागितलेलीच घ्या. दाराला वही टांगा, "हे आणा" असं लिहून. त्यातलं काही तुम्हाला फालतू वाटेल. तरी आणा.

गिरगावचा_पुस्तकवाला

सुटीबद्दल थोडं. एकाच दुकानातून एकाच वेळी चाळीस प्रती घेतल्या आणि संस्थेच्या नावाने बिल मागितलं तर १० ते २० टक्के सूट मागायला संकोच करू नका. पण सुटीपेक्षा आवृत्ती बघा. जुन्या लोकप्रिय पुस्तकांच्या काही प्रती बारीक टाइपात आणि मागचं पान दिसेल अशा पातळ कागदावर असतात. मराठी वाचायला आधीच अडखळणारं मूल अशा पानावर जोडाक्षरं ओळखू शकत नाही आणि पुस्तक कंटाळवाणं आहे असं सांगून मोकळं होतं. दुकानातच मधलं पान उघडा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा. शिलाई आहे की नुसता गोंद, तेही पाहा. गोंदाची प्रत दहा हातांतून गेली की पानं सुटतात.

दादर पश्चिमेला आयडियल आणि शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिक ही दोन दुकानं चालत जाण्याच्या अंतरात आहेत. एका दुपारी दोन्हीकडे चाळून होतं. दोन मुलांना बरोबर न्या, मुखपृष्ठ बघून ती जे उचलतील ते तुम्हाला सुचणार नाही.

आणि दिवाळी अंक! दिवाळी उलटून महिना झाला की गठ्ठ्याने स्वस्त मिळतात. "साधना"चा बालकुमार अंक, "किशोर", "वयम्" हे तिन्ही घ्याच.

नववी_ब

नावांकडे येते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना कमी वयाची पुस्तकं द्यायची चूक सर्रास होते. भाषा सोपी हवी, विषय बाळबोध नको. चौदा वर्षांच्या मुलाला ससा-कासव दिलं की अपमान होतो.

सुरुवातीला संवाद जास्त, प्रकरणं छोटी आणि गोष्ट पळती असलेलं काहीही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. काळ जुना आहे, पण पुस्तकं सुटी सुटी वाचता येतात, क्रम पाळावा लागत नाही. म्हणून सगळा संच एकदम घेऊ नका. पाच आणा, बाकीची मागणीवर. सत्यजित रायांच्या फेलूदाचे अशोक जैनांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाचे आहेत. रहस्यकथा हव्या असणाऱ्यांना भागवतांनंतर तेच द्या. भारत सासणे यांच्या "समशेर आणि भूतबंगला"ला २०२४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे, तेही याच रांगेत.

त्यानंतर मिलिंद बोकील यांची "शाळा" (२००४). आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा स्वतः सांगतो, बोलीच्या जवळची भाषा आहे. हे पुस्तक सुचवावं लागत नाही, एकाने नेलं की दुसरा मागायला येतो. दोन प्रती घ्या.

विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकरांच्या कथा. "यक्षांची देणगी" हा संग्रह आहे, त्यामुळे एक कथा वाचून परत केलं तरी काही बिघडत नाही. वीणा गवाणकरांचं "एक होता कार्व्हर" (१९८१) मुलगे-मुली दोघंही वाचतात. "चौघीजणी" हा शांता शेळक्यांचा अनुवाद जाड आहे. ज्यांनी मूळ इंग्रजी वाचलंय त्यांना द्या, कथा माहीत असल्याने मराठीवर लक्ष राहतं.

पंधरा-सोळा पूर्ण झालेल्यांना प्रभाकर पेंढारकरांचं "रारंग ढांग". हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनिअर आणि लष्करी शिस्त यांचा संघर्ष. सायन्सला गेलेल्या मुलांना ते फार आवडतं.

पार्ल्याचे_काका

यादीत "श्यामची आई" नाही? आणि पु. ल. कुठे आहेत?

नववी_ब

काका, कपाटात दोन्ही असू देत, पहिलं म्हणून देऊ नका एवढंच. "श्यामची आई" साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची रचनाच एकेका रात्रीची आहे, अशा ४२ रात्री. आपण अख्खं पुस्तक हातात देतो आणि आठवड्यात परत मागतो, तिथे बिघडतं. दोन-तीन रात्री निवडून मोठ्याने वाचा. ज्याला हवं तो पुढचं स्वतः घेईल.

पु. लं.चंही तसंच. "बटाट्याची चाळ"मधल्या बऱ्याच कोट्या जुन्या मुंबईच्या संदर्भांवर उभ्या आहेत. टॉवरमध्ये वाढलेल्या मुलाला गच्ची, संगीतिका, चाळकमिटी यांतलं निम्मं कळत नाही. "उपास" मात्र आजही जसाच्या तसा लागू पडतो. तेवढाच वाचून दाखवा. डाएट सगळ्यांना माहीत आहे.

पार्ल्याचे_काका

मान्य, पण अर्धवट. कळत नाही म्हणून द्यायचं नाही, हे धोरण मला पटत नाही. न कळणारं घरी विचारलं जातं, आणि आजोबांना तेवढंच बोलायला निमित्त मिळतं.

नववी_ब

आजोबा जवळ असतील तर जरूर द्या. :)

देवघेव

बोलीभाषेबद्दल एक भर. "बनगरवाडी" (१९५५) लहानसं पुस्तक आहे म्हणून मुलं नेतात आणि पहिल्या वीस पानांत सोडतात. निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद माणदेशी. पहिले संवाद मोठ्याने वाचले की कानाला वळण लागतं, मग अडचण येत नाही. पुस्तकात तशी चिठ्ठी घालून ठेवा.

जाड पुस्तकांना उलट न्याय. "मृत्युंजय" (१९६७) बघून आपण घाबरतो, पण महाभारताच्या मालिका पाहिलेली मुलं ते नेतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा वेगवेगळ्या तोंडून गोष्ट येते, त्यामुळे थांबायच्या जागा आपोआप मिळतात. अशा पुस्तकाला मुदत १४ ऐवजी ३० दिवस ठेवा आणि मुदतवाढ न मागता द्या.

वडाळा_ट्रक_टर्मिनल

मुंबईची मुलं आहेत तर मुंबई दिसणारी पुस्तकं हवीत. नरेंद्र जाधवांचं "आमचा बाप आन् आम्ही" (ग्रंथाली, १९९३) आमच्या वडाळ्याचं आहे. वडील पोर्ट ट्रस्टमधले कामगार, आणि ते स्वतःच्या भाषेत बोलतात. दहावीच्या मुलांना सहज जमतं. दया पवारांच्या "बलुतं"मध्ये (१९७८) कावाखाना या वस्तीतली मुंबई आहे, ते अकरावी-बारावीला ठेवा.

रुपाली_त

इथेच माझा प्रश्न. "बलुतं", "शाळा" अशी पुस्तकं ठेवली तर कमिटीतलं कोणीतरी आक्षेप घेणारच. त्याचं काय करायचं?

देवघेव

रुपालीताई, आक्षेप यायच्या आधी निवडीचं धोरण कागदावर आणा, अर्धं पान पुरतं. त्यात चार गोष्टी: पुस्तकं कोण निवडतं (दोन पालक, एक शिक्षक, दोन मुलं), देणगीतलं काय नाकारलं जाईल, मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक कोणत्या इयत्तेपासून मिळेल, आणि आक्षेप कसा घ्यायचा. शेवटच्यात एक अट घाला: आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं आणि पान क्रमांकासह लेखी द्यावं. निम्मे आक्षेप त्या अटीवरच गळतात. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहतं, हेही लिहा.

आपल्या पाल्याला अमुक देऊ नका, असं कोणी सांगितलं तर तेवढं ऐका. सगळ्यांच्या पाल्यांसाठी नाही.

देणगीतून गाइड, जुने अभ्यासक्रम, २१ अपेक्षित, देवस्थानांच्या स्मरणिका आणि मुखपृष्ठ नसलेली पुस्तकं नम्रपणे नाकारा. एकदा घेतली की टाकताना भांडणं होतात, आणि नवीन ४० पुस्तकं त्या २०० जुन्यांत दिसेनाशी होतात.

मुलुंडकर_सीमा

हे धोरणाचं फारच उपयोगी. आता नोंदींचं सांगा. कोणी म्हणतंय कोहा (ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर) टाका, कोणी म्हणतंय एक्सेल.

देवघेव

हजार पुस्तकांपर्यंत एक वही आणि एक एक्सेल शीट पुरते. कोहा उत्तम आणि मोफत आहे, पण ते बसवणारा माणूस सोसायटी सोडून गेला की सगळंच अडकतं.

दाखल नोंदवहीचे रकाने: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत, कुठून आलं (खरेदी की देणगी), शेरा. क्रमांक एकदा दिला की दिला. पुस्तक हरवलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही, शेऱ्यात "हरवले" लिहायचं. शिक्का शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर, समजा प्रत्येक पुस्तकाच्या २१ व्या. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक आपलंच हे सिद्ध होतं.

तारीख-पट्टी मागच्या कोऱ्या पानावर, फक्त वरच्या कडेला चिकटवा. पूर्ण चिकटवली की भरल्यावर काढता येत नाही. ती पट्टी पुढे कामाची ठरते: सहा महिन्यांत एकही तारीख पडली नाही असं पुस्तक आधी दर्शनी मांडा, तरीही हललं नाही तर बदला.

देवघेवीसाठी प्रत्येक मुलाला वहीत एक पान. एका वेळी दोन पुस्तकं, १४ दिवस.

आणि कपाटाला दशांश वर्गीकरण (विषयांना आकडे द्यायची ग्रंथालयांची पद्धत) लावू नका. ८९१.४६३ बघून कोणी कादंबरी शोधत नाही. कण्यावर रंगाच्या पट्ट्या लावा: रहस्य-साहस लाल, विज्ञान निळी, माणसं आणि चरित्रं हिरवी, विनोद पिवळी, बाकी कथा-कादंबऱ्या पांढरी. तीन फुटी फळीवर ३५ पुस्तकं उभी मावतात, पण २५च ठेवा आणि उरलेल्या जागेत चार-पाच मुखपृष्ठ समोर करून मांडा. ती दर शनिवारी बदला. ही पुस्तकं डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून तीन ते पाच फुटांत. लहान मुलांच्या रंगीत कपाटाला लागून तर अजिबात नको. नववीतला मुलगा तिथे उभाही राहत नाही.

कसर

१० बाय ८ ची तळमजल्यावरची खोली आणि मुंबईचा पावसाळा! जूनआधी हे करा. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. बाथरूमच्या किंवा पाण्याच्या पाइपच्या भिंतीला टेकवू नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत ती रोजच वर असते. काचेची बंद कपाटं आत दमट हवा धरून ठेवतात. रोज तासभर दारं उघडून पंखा लावा. पुस्तकं दाबून भरू नका, बोट सहज जाईल एवढी सैल हवीत.

डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, आणि छोट्या खोलीत त्या वासाने मुलांची डोकी दुखतात. सिलिका जेलच्या निळ्या पुड्या ठेवल्या तर गुलाबी झाल्यावर वाळवून परत वापरा. नुसत्या ठेवून विसरल्या तर उपयोग शून्य. प्लास्टिकचं कव्हर घालताना चिकटपट्टी पुस्तकाला लावायची नाही, कव्हरलाच. ती दोन वर्षांत पिवळी पडते आणि मुखपृष्ठ घेऊन निघते.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात. उभं करून पानं पंख्यासारखी उघडा, मध्ये कोरे टिश्यू घाला (वर्तमानपत्राची शाई लागते), पंख्याखाली ठेवा. बुरशी धरली असेल तर वेगळं काढा, तोंडाला मास्क लावून गच्चीवर कोरड्या ब्रशने झटका.

चुनाभट्टीकर

ग्रंथालयांचं कोणी लिहिलंच नाही. तुम्ही मुलुंडला आहात म्हणजे दोन सोप्या जागा आहेत. पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघाचं न. चिं. केळकर ग्रंथालय, आणि एक स्टेशन पुढे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३). उलट दिशेला दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), त्याचा संदर्भ विभाग मोठा आहे. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ.

सभासद करण्याआधी खिडकीवर हे विचारा: १८ खालच्या मुलाचं नाव स्वतंत्र लागतं की पालकाच्या नावावर? बालविभागाच्या वर्गणीवर मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक मिळतं का? अनामत किती, परत कशी मिळते, पावती लागते का? मुक्तद्वार आहे, म्हणजे मुलाला स्वतः कपाटापर्यंत जाता येतं, की चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावं लागतं? या वयाला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तकाचं नावच माहीत नसेल तर चिठ्ठीत काय लिहिणार? आठवड्याची सुटी आणि दुपारची बंद वेळ विचारून घ्या, नाहीतर मूल एकदा बंद दारावरून परत येतं आणि पुन्हा जात नाही.

प्रकल्पांसाठी: सहावी आणि नववीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला कृती संशोधन प्रकल्प लागतो. त्याला मराठी विश्वकोश (संकेतस्थळावर मोफत) आणि चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांचा चांगला उपयोग होतो. गुगलवरचा पहिला परिच्छेद उतरवलेला परीक्षकांना लगेच ओळखू येतो. फोर्टच्या टाऊन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय देशातल्या त्या चार ग्रंथालयांपैकी एक आहे जिथे १९५४च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रत पाठवायची असते. पण ते बसून संदर्भ पाहण्यासाठी, गोष्टीची पुस्तकं घरी आणायला नव्हे.

पांढरी_शाई

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी कायदेशीर आणि मोफत गोष्टी बऱ्याच आहेत. बालभारतीने "किशोर"चे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन ठेवलेत. हा खजिना आहे, दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय ॲप वयोगट पाडून देतं. तुम्हाला ११–१४ आणि १४–१८ हे गट लागतील. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर पुस्तकं उतरवून घेता येतात, पण ती बहुतेक मोठ्यांची, निवडून द्यावी लागतात.

विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं. चि. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे चिमणराव १ जानेवारी २०२४ पासून. पु. ल. २००० साली गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर फिरवणं सरळ चोरी आहे. वाचनालयाच्या नावाने तर मुळीच करू नका.

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी या वयाला लहान पडतात. पण तिथला परवाना अनुवादाला मोकळीक देतो. दहावीच्या मुलांना एखाद्या इंग्रजी गोष्टीचा मराठी अनुवाद करायला सांगा आणि तो खालच्या वर्गातल्या मुलांना वाचायला द्या. मराठी वाचायला न बसणारी मुलं लिहायला बसतात.

रुपाली_त

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी काही?

पांढरी_शाई

ऐकत ऐकत वाचणं: कानात ऑडिओबुक आणि समोर तेच छापील पुस्तक, बोट ओळीवर. वेग ०.८ करा. ई-पुस्तकात अक्षर मोठं आणि ओळींतलं अंतर दीडपट करून द्या. या अडचणीचं प्रमाणपत्र असेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व मिळतं. तिथे छापील मजकूर वाचायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या प्रती असतात. आणि चारचौघांत मोठ्याने वाचायला लावू नका.

मुलुंडकर_सीमा

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून कमिटीत ठेवते. शेवटचं: वेळ आणि दंड. सेक्रेटरी म्हणतायत सकाळी १० ते १२, कारण तेव्हा ऑफिस उघडं असतं.

नववी_ब

सकाळी १० ला ही मुलं शाळा-कॉलेजात, संध्याकाळी ५ ते ८ क्लासला. रात्री ८.३० ते ९.३०, आठवड्यातून तीन दिवस, आणि रविवारी सकाळी ११ ते १. एवढंच, पण न चुकता.

देवघेव

पैशाचा दंड नको. दंड साठला की मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. उशीर झाला तर नवीन पुस्तक मिळत नाही, एवढं पुरतं. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं किंवा छापील किंमत.

किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात ठेवू नका, वॉचमनकडे ठेवा आणि सहीची वही लावा. खिडकीवर नववी आणि अकरावीची दोन-दोन मुलं आळीपाळीने बसवा, महिन्याच्या शेवटी एका मोठ्याने नोंदवही आणि कपाट ताडून बघायचं. दहावीच्या मुलांना जानेवारीपासून पाळी लावू नका, पुस्तकं मात्र मागतील तशी द्या.